पांढऱ्या रेघेची ऐट

रूट कॅनॉल झालेल्या दाढेच्या एक्सरेत मुळाच्या टोकापर्यंत गेलेली पांढरी रेघ दिसते, ती गट्टापर्चाची. मलायातल्या झाडाचा हा चीक. 1870 साली मुंबईच्या किनाऱ्याला लागलेल्या समुद्री तारेवरही त्याचंच वेष्टन होतं. सेंट लुईसचे दंतवैद्य बोमन यांनी त्याच्या कांड्या दाताच्या मुळात भरायला सुरुवात केली ती 1867 मध्ये, आणि पुढची शंभर वर्षं या विद्येची सगळी ऐट त्या रेघेभोवती फिरत राहिली. रेघ टोकापर्यंत गेली का, मध्ये फट राहिली का, यावरून वैद्याचा हात जोखला जाई. मागे वळून पाहिलं तर मात्र वाटतं, की दात वाचवले धुण्याने आणि श्रेय गेलं भरण्याला.

इशारे काही उशिरा आले नव्हते. तोंडातल्या जंतूंवरचा मिलर यांचा ग्रंथ 1890 चा. 1910 मध्ये मॉन्ट्रियलच्या व्याख्यानात विल्यम हंटर यांनी सोन्याच्या टोपणांखाली कोंडलेल्या पुवावर कडाडून टीका केली. तिचा अर्थ पुढे इतका ताणला गेला, की संधिवातापासून वेडापर्यंत कशासाठीही दात उपटले गेले. याच सुमारास झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी मुळांत रबर भरून साचे काढले. दिसली ती सरळ नळी नव्हेच, फाटे आणि फटींचं जाळं होतं. अशा जाळ्यात मूळ आतून खरवडणारी फाइल कितीशी पोचणार? तरीही निर्णायक पुरावा यायला 1965 साल उजाडावं लागलं. काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांची नस उघडी पाडली. साध्या उंदरांत ती सडली, निर्जंतुक वातावरणात वाढलेल्यांत तिच्यावर नवं दंतिन, म्हणजे दाताचंच कठीण द्रव्य, चढलं. जखम सारखीच होती, फरक फक्त जंतूंचा. 1981 मध्ये स्वीडनच्या बिस्ट्रॉम आणि सुंडक्विस्ट यांनी फक्त फाइल आणि मिठाचं पाणी वापरून पाहिलं, तेव्हा पुनःपुन्हा साफ करूनही सुमारे निम्म्या दातांत जंतू उरले. पुढे अर्ध्या टक्क्याच्या सोडियम हायपोक्लोराइटने, म्हणजे घरातल्या ब्लीचच्या पातळ भावंडाने, पुष्कळ अधिक दात जंतुमुक्त झाले.

यावर जुना आक्षेप सिएटलचा. 1950 च्या दशकातल्या इंगल यांच्या पाहणीत, फसलेल्या दातांपैकी जवळजवळ 59 टक्क्यांत दोष अपुऱ्या भरणीचा निघाला होता. पण हा आकडा नेमकं काय मोजतो? जिथे कांडी पोचली नाही तिथे फाइल आणि धुण्याचं पाणीही बहुधा पोचलेलं नसतं. एक्सरे फक्त कांडी दाखवतो, म्हणून दोषही तिच्यावरच येतो. ही गाठ स्यॉग्रेन यांच्या 1997 च्या अभ्यासाने बरीचशी सोडवली. मुळाशी सूज असलेले दात एकाच बैठकीत धुऊन भरले आणि भरण्याच्या ऐन आधी जंतूंचा नमुना घेतला. पाच वर्षांनी पाहिलं तर जंतू न सापडलेल्यांपैकी 94 टक्के बरे झाले होते, सापडलेल्यांपैकी 68 टक्के. भरण्याची रीत दोन्हीकडे तीच.

मग भरायचंच कशाला? हा प्रश्न खोडसाळ नाही. कुत्र्यांवरच्या 2006 च्या एका प्रयोगात साफ करून न भरलेली मुळंही भरलेल्यांइतकीच भरून आली. पण त्या दातांना वरून घट्ट झाकण होतं, आणि माणसाला त्याच दाताने पुढची तीस वर्षं भाकरी चावायची असते. रे आणि ट्रोप यांनी 1995 मध्ये हजारावर दातांचे एक्सरे तपासले, तेव्हा मुळातल्या भरणीपेक्षा वरच्या झाकणाच्या दर्जाचा संबंध मुळाच्या आरोग्याशी अधिक दिसला. म्हणजे भरणी हवीच, पण मिळवलेली स्वच्छता टिकवणारी राखणदार म्हणून. निकेल-टायटेनियमच्या लवचीक फाइलींनी 1988 नंतर वाकडी मुळं सोपी केली खरी, पण सूक्ष्म सीटी स्कॅनखाली पाहिलं तर त्यांच्याही हातून मुळाच्या भिंतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक अस्पर्शच राहतो. तिथे जातं ते पाणीच. आणि ते पाणी चालू असताना तोंडातली लाळ आत शिरू नये म्हणून सॅनफर्ड बार्नम यांनी 1864 मध्ये दाताभोवती ताणलेली रबराची चकती, बोमन यांच्या कांडीहून तीन वर्षांनी थोरली, आजही अनेक दवाखान्यांत खोक्यातून बाहेर येत नाही. एक्सरेत ती दिसत नाही ना!