आधी चावडी, मग मोबाइल

रेवदंड्यातल्या नारळ-सुपारीच्या वाडीचा सातबारा हवा, तर मुंबईतल्या वारसाला पूर्वी रजा टाकून गावी यावं लागे आणि तलाठ्याची गाठ पडेपर्यंत थांबावं लागे. आता 15 रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मोबाइलवर मिळतो. ही सोय 1 मे 2018 रोजी सुरू झाली. केंद्राचा भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम मात्र 2008 चा.

धोरणकर्त्यांनी शिकावं ते मधल्या वर्षांतून. हस्तलिखित उतारे संगणकात चढवताना नावं चुकली, क्षेत्रं जुळेनात. दशांशचिन्ह एक घर सरकलं की वाडीच्या गुंठ्यांचा हिशेबच बदलतो. म्हणून 2017 मध्ये राज्यभर चावडीवाचन झालं. गावकऱ्यांसमोर उतारे वाचले, हरकती घेतल्या, जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्त्या झाल्या. सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा हे काम किचकट, आणि जास्त मोलाचं. सरकारं बदलली तरी ते थांबलं नाही, हे विशेष.

तरीही मयत खातेदाराचं नाव उताऱ्यावरून आपोआप जात नाही. वारसनोंदीचा अर्ज कुटुंबालाच करावा लागतो. वाचकहो, आपल्या जमिनीचा उतारा काढा आणि त्यावरची नावं एकदा नीट तपासा.