एमएस समजून घेताना – लेखांक ६ : थकवा निराळा, पेंग निराळी

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते, हे याआधी आलेच आहे. बहुसंख्य रुग्णांना जाणवणारा थकवा हे त्याचे सर्वांत न दिसणारे लक्षण होय. म्हणूनच तो घरात आळस आणि कारखान्यात कामचुकारपणा ठरतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात, जिथे थर्ड शिफ्ट करून उतरलेला प्रत्येकच कामगार दमलेला असतो, तिथे तो ओळखणे आणखी कठीण जाते.

हा थकवा श्रमांच्या प्रमाणात नसतो. रात्रभर झोप लागूनही सकाळी दहाच्या सुमारास अंग गळून जाते, मात्र डोळा लागेलच असे नाही. मायलिन झिजलेल्या तंतूंतून संदेश आधीच जेमतेम पोहोचत असतो, आणि शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो वाटेत अडू शकतो. व्यायामाने दृष्टी तात्पुरती मंदावते, असे जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले होते. पेंट शॉपच्या ओव्हनजवळ किंवा फाउंड्रीत उभ्या असलेल्या रुग्णाचे पाय जड होतात, नजर धूसर होते आणि गारव्यात आल्यावर ती पूर्ववत होते, ते शरीराचे तापमान वाढल्यामुळेच. यात आजार वाढलेला नसतो.

दिवसा येणारी पेंग ही मात्र झोपेची थकबाकी असते. लघवीसाठी वारंवार उठणे, पायांत येणारे गोळे, पाय हलवत राहण्याची अनावर ओढ, घोरताना श्वास अडणे, नैराश्य, शिवाय स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेनसारखे औषध, यांपैकी काहीही तिच्यामागे असू शकते. त्यात रात्रपाळीनंतर मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दिवसा झोपायचे असेल, तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पेंग मोजण्यासाठी १९९१ साली मरे जॉन्स यांनी मांडलेली एपवर्थ प्रश्नावली वापरतात. आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता विचारून २४ पैकी गुण दिले जातात आणि दहाच्या वर गुण गेल्यास पेंग अवाजवी मानतात. त्यांतला एक प्रसंग वाहनात तासभर प्रवासी म्हणून बसण्याचा आहे; चाकणहून भोसरीकडे येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, पुणे-नाशिक महामार्गावरच्या कोंडीत, धडधाकट माणसांच्याही माना कलंडतात, तेव्हा इथे त्या एका उत्तरावर फार भर देण्यात अर्थ नाही.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४१ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मेथिलफेनिडेट ही थकव्यासाठी सर्रास दिली जाणारी तिन्ही औषधे बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. मूळची पेंग जास्त असलेल्या गटात तेवढा शेवटच्या दोन औषधांनी काही फरक पडल्याचे संकेत मिळाले. त्यामुळे गोळी मागण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि झोप तपासणे शहाणपणाचे, आणि नियमित, झेपेल इतका व्यायाम हा थकव्यावरचा अधिक भरवशाचा उपाय.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत एमएसचा नावानिशी उल्लेख आहे, परंतु आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि हातापायांत बळ असलेल्या पण दुपारपर्यंत गळून जाणाऱ्या कामगाराला ते मिळणे अवघड असते. अशा वेळी कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावे न्यूरॉलॉजिस्टने दिलेल्या पत्रात नुसता ‘अशक्तपणा’ न लिहिता, उष्णतेपासून दूरचे काम आणि कायमची फर्स्ट किंवा जनरल शिफ्ट या दोन गोष्टी कारणांसह स्वतंत्रपणे नमूद केलेल्या असाव्यात.