वाहता कान आणि कोमट तेल

आमच्या पेडगावात लेकराचा कान फुटला की पहिली आठवण येते ती लसूण घालून कोमट केलेल्या तेलाची. दादीअम्माचा हात मायेचा, यात शंका नाही. पण पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत उतरते आणि कान आणखी चिघळतो. मग मूल मकतबात सबक चुकवते, शाळेत मागे पडते. आम्ही म्हणतो, लक्ष नाही. लक्ष असते हो, ऐकूच येत नसते!

कान-नाक-घशाचे डॉक्टर आधी पडदा पाहतात. मधोमध भोक असेल तर कान कोरडा ठेवून, औषध देऊन आणि गरज पडल्यास नवा पडदा बसवून काम भागते. थोडाच, पण सतत वाहणारा, घाण वासाचा कान मात्र वेगळा. त्यात बहुधा कातडीची पिशवी वाढून हाड पोखरत असते. पुढे चेहरा वाकडा होतो, मेंदूत पूही होऊ शकतो. तिथे शस्त्रक्रियाच लागते.

डॉक्टर नाकही का तपासतात? नाकामागून कानात एक नळी जाते. तोंड उघडे ठेवून घोरणाऱ्या मुलाच्या कानाचे दुखणे पुष्कळदा तिथेच असते.

बहिरेपणा रोखण्याचा सरकारी कार्यक्रम 2007 पासून आहे. परभणी काही लांब नाही. तोवर अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवावा, आणि तेलाची वाटी चुलीवरून उतरवावी.