मणक्यातील सुई आणि कमरेची कैफियत (लेखांक सहावा)

आषाढ लागला की सिहोरा, चांदपूर आणि बावनथडीच्या काठची गावे धानाच्या रोवणीला लागतात. आणि घोटाभर चिखलात कमरेत वाकून दिवसभर पऱ्हे लावणाऱ्या बायांपैकी जिचे बाळंतपण तुमसरला वा भंडाऱ्याला शस्त्रक्रियेने झालेले असते, तिच्या दुखण्याचे कारण तिच्यापुरते कायमचे ठरून गेलेले असते : सिझरच्या वेळी मणक्यात सुई टोचली, तेव्हापासून कंबर गेली. ही कैफियत इतकी सार्वत्रिक आहे की तिची दखल घेतल्यावाचून कमरेखालच्या भुलीच्या मज्जासंस्थेवरील दुष्परिणामांविषयी पुढे लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. कारण या एका समजुतीने भय भलत्याच ठिकाणी जाऊन बसले आहे, आणि जेथे डोळ्यांत तेल घालून पाहावयास हवे तेथे आपण निर्धास्त झोपतो.

प्रथम कंबर. १९९० साली बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ११,७०१ बाळंतिणींना मागाहून प्रश्न विचारून एपिड्युरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळीने सोडलेली भूल) आणि दीर्घकालीन पाठदुखी यांचा संबंध मांडला होता. परंतु पुढे ज्या चाचण्यांत कोणत्या स्त्रीला एपिड्युरल द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवून दोन्ही गटांचा माग ठेवण्यात आला, त्यांत असा फरक आढळला नाही. सुईच्या जागी काही दिवस ठणका राहतो. वर्षानुवर्षांचे दुखणे मात्र गर्भारपणात सैलावलेले सांधे, कडेवरचे मूल आणि रोवणी-निंदणाची वाकलेली कामे यांच्या खाती जमा करावे लागते. त्या बाईचे दुखणे खरेच आहे, आरोपी तेवढा चुकीचा आहे.

डोकेदुखीचे मात्र तसे नाही. तिचे पाप सुईचेच. मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला पडलेल्या छिद्रातून आतले पाणी झिरपत राहते, आणि मग उठून बसताच कपाळ व मान फुटू लागतात, आडवे होताच आराम पडतो. १८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे त्या आतल्या पाण्यात औषध सोडण्याच्या, म्हणजे स्पायनल, भुलीचा प्रयोग स्वतःवर करवून घेणाऱ्या शल्यविशारद ऑगस्ट बियर यालाही तिने अंथरुणाला खिळविले होते. बारीक आणि पेन्सिलीच्या टोकासारख्या सुया आल्यापासून तिचे प्रमाण पुष्कळ घटले आहे. फारच बळावली तर रुग्णाचेच थोडे रक्त काढून त्या जागी सोडतात, आणि ते गोठून छिद्र बुजविते.

आता खरे भय. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा सुट्या नसांचा झुपका पाण्यात तरंगत असतो, आणि सुई तेथे शिरली तर नसा सहसा बाजूला सरतात, म्हणूनच ती तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या दरम्यान घालण्याचा दंडक आहे. परंतु बोटांनी चाचपून मोजलेला मणका कधी एखाद्या घराने चुकतो. सुई जाताना पायात विजेसारखी कळ गेली तर रुग्णाने तत्क्षणी बोलावे, आणि भूलतज्ज्ञाने औषध न सोडता सुई मागे घ्यावी. त्या वेळी संकोचाने गप्प राहणे हा गुण नव्हे. (बाळंतपणानंतर एका पायाचे पाऊल लुळे पडले तर त्यातही सुईपेक्षा बाळाच्या डोक्याचा वा पाय टांगून ठेवण्याच्या स्थितीचा दाब अधिक वेळा कारणीभूत असतो, एवढे येथेच नमूद करतो.)

या विषयातील सर्वांत दुःखद दाखला इंग्लंडातील चेस्टरफील्डचा आहे. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी तेथील रुग्णालयात आल्बर्ट वूली आणि सेसिल रो या दोघांवर किरकोळ शस्त्रक्रिया झाल्या, दोघांनाही नुपरकेन या औषधाची भूल मणक्यातून देण्यात आली, आणि दोघांचेही पाय कायमचे गेले. फिर्याद न्यायालयात पोहोचली तेव्हा असे सांगण्यात आले की औषधाच्या काचेच्या कुप्या निर्जंतुक राहाव्यात म्हणून कार्बोलिकच्या द्रावणात बुडवून ठेवल्या जात, आणि काचेला गेलेल्या अदृश्य तड्यांतून ते विष आत मुरले असावे. १९५४ साली लॉर्ड डेनिंग यांच्यासह अपील न्यायाधीशांनी निकाल फिर्यादींच्या विरुद्ध दिला : १९४७ मध्ये जो धोका कोणाला ठाऊकच नव्हता, त्याचे अज्ञान हा निष्काळजीपणा ठरत नाही. निवाडा कायद्याच्या दृष्टीने चोख असेल, पण लुळ्या पायांनी घरी गेलेल्या त्या दोघांची आठवण मला तेथे थांबू देत नाही. १९९० मध्ये या प्रकरणाची फेरतपासणी झाली, तीत दोष तड्यांचा नसून उपकरणे उकळण्याच्या भांड्यातील क्षार काढण्यासाठी वापरलेल्या आम्लाचा असावा असे मत पुढे आले. सुई निर्दोष, हात निर्दोष. घात केला असावा तो भांड्यात राहून गेलेल्या अंशाने. ब्रिटनमध्ये मात्र ही भूल पुढे कित्येक वर्षे बदनाम राहिली.

अशी इजा किती घडते? ब्रिटनमध्ये २००६-०७ च्या एका वर्षात मणक्यातून दिलेल्या भुलींची संख्या ७,०७,४५५ धरली गेली, आणि संशयाचा प्रत्येक दाखला सुईच्या विरुद्ध मोजूनही कायमची इजा ३० जणांना झाल्याचे आढळले. त्यांतील काही इजा वेळेत ओळखल्या तर टळतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असता किंवा बाळंतपणात रक्तदाब चढून रक्तातील प्लेटलेट घटल्या असता मणक्यात क्वचित रक्ताची गुठळी साठते आणि नसांना दाबते. ती काढण्याची शस्त्रक्रिया लक्षणे दिसल्यापासून आठ तासांच्या आत झाली तर पाय परत येण्याची आशा अधिक. स्पायनल भुलीनंतर साधारण चार तासांत गुडघा न वाकविता पाय उचलता यावयास हवा. तो उचलेना, उतरू लागलेला बधिरपणा पुन्हा चढू लागला, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी तुंबली, तर ‘भूल अजून उतरायची आहे’ म्हणून स्वस्थ बसू नये; आणि घरी गेल्यावर काही दिवसांनी ताप येऊन पाठ ठणकू लागली तर तो मणक्यात पू साठल्याचा इशारा समजावा.

सिहोऱ्याहून तुमसर, तुमसरहून भंडारा आणि तेथून नागपूर, हा रस्ता त्या आठ तासांतूनच वजा होतो. म्हणून पाय हलत नाही हे रात्री दोन वाजता ध्यानात आले तर सोबतच्या माणसाने सकाळच्या फेरीची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांना उठवावे. आणि शस्त्रक्रिया सासूबाईंची असून त्या हृदयासाठी रक्त पातळ करण्याची गोळी घेत असतील, तर त्या गोळीची चिठ्ठी शस्त्रक्रियेच्या आधीच भूलतज्ज्ञाच्या हाती द्यावी.