जाळीआडचे अंगण

पेठेतील जुन्या वाड्यांत मांजर कुणी मुद्दाम पाळलेले नसे. पुढे दुकान, मागे धान्याचे कोठार आणि वर बिऱ्हाड अशा घरात ते आपल्या पायांनी येई, ओसरीवर वाटीभर दूध पिई आणि कौलांवरून शेजारच्या वाड्यात निघून जाई. त्याच्यासाठी वेगळे अंगण बांधण्याचा प्रश्नच नव्हता. आज यांपैकी अनेक कुटुंबे सहाव्या-सातव्या मजल्यावरील सदनिकांत राहावयास गेली आहेत. नातवंडांच्या हट्टाने किंवा लेकीसुनांच्या मायेने मांजर घरात येते. परंतु कौले, ओसरी आणि बोळ मागेच राहिले. त्याच्या वाट्याला उरते ती चार फूट रुंदीची गॅलरी, तिचा कठडा आणि कठड्यापलीकडची पोकळी.

‘मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवर उतरते’ असा समज घरोघरी आढळतो. तो अर्धाच खरा आहे. पडताना अंग वळवून पाय खाली घेण्याची उपजत शक्ती मांजराला असते, हे सत्य; परंतु पायांवर उतरणे म्हणजे सुखरूप उतरणे नव्हे. न्यूयॉर्कमधील पशुवैद्यकांनी १९८७ साली इमारतींवरून पडून रुग्णालयात आणलेल्या १३२ मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मांजरे वाचली. हा आकडा दिलासा देणारा वाटला, तरी जी जागीच गतप्राण होतात ती रुग्णालयाच्या हिशेबात येत नाहीत, हे विसरता कामा नये. वाचलेल्यांनाही छातीच्या दुखापती, जबड्याचे व पायांचे अस्थिभंग सोसावे लागतात. कठड्यावर पेंगताना तोल जातो, किंवा समोरून फडफडत गेलेल्या पारव्यावर झेप घेताना भान सुटते. अपघाताला एवढे निमित्त पुरते.

या प्रश्नाची दुसरी बाजू त्या पारव्याची आहे. व्यापारी कुटुंबांत पाखरांना दाणापाणी घालण्याची रीत जुनी आहे आणि अनेक घरांत मातीचे पात्र व ज्वारीची वाटी याच गॅलरीत ठेवलेली असते. एकाच जागी पाखराला निमंत्रण द्यावयाचे आणि त्याच्या शिकाऱ्यालाही मोकळे सोडावयाचे, ही विसंगती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज तेथील संशोधकांनी २०१३ साली मांडला. त्यांतील मोठा वाटा बेवारस मांजरांचा असला, तरी घरचे मांजरही त्यातून सुटत नाही. पोट भरलेले असले म्हणून त्याची शिकारीची ऊर्मी शमत नाही. शिवाय मांजराच्या लाळेतील जीवाणू पक्ष्याला घातक असतात. दाताची लहानशी जखम घेऊन उडालेले पाखरूही पुढे दगावण्याचा संभव असतो. म्हणून अहिंसा हे व्रत मानणाऱ्या घराने तरी गॅलरीच्या जाळीकडे केवळ मांजराची सोय म्हणून पाहू नये. ती जाळी आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही जीवांची राखण करते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे तर १ जुलै २०२२ पासून जन्मलेल्या मांजरांना मालकाच्या आवारातच ठेवणे बंधनकारक झाले आहे. अशा बंदिस्त अंगणाला पाश्चात्त्य देशांत ‘कॅटिओ’ म्हणतात.

हा मांजराचा तुरुंग तर ठरणार नाही ना, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात ठेवणे हा अपराध ठरविला आहे. तेव्हा कोपऱ्यात पिंजरा आणून ठेवणे हा मार्ग नव्हे. संपूर्ण गॅलरीच सुरक्षित करावी आणि घरातून तिकडे जाण्याची व परत येण्याची वाट मोकळी असावी.

कामाचा आरंभ परवानगीपासून करावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरफार करण्यास संस्थेची लेखी परवानगी लागते. साध्या रेखाटनासह अर्ज द्यावा आणि जाळी कठड्याच्या आतील अंगास बसविण्याची तयारी दाखवावी, म्हणजे इमारतीच्या दर्शनी रूपाचा आक्षेप बहुधा उरत नाही. जाळीत आतून उघडणारी एक झडप अवश्य ठेवावी आणि तिची किल्ली घरातील सर्वांना ठाऊक असावी. आगीच्या प्रसंगी बंद गॅलरी माणसांच्याच जिवावर बेतू शकते.

त्यानंतर मोजमाप. दहा फूट लांब व चार फूट रुंद गॅलरीच्या तीन बाजू उघड्या आहेत आणि कठड्यापासून वरच्या स्लॅबपर्यंत सहा फूट अंतर आहे, असे धरू. दहा, चार आणि चार मिळून अठरा फूट. त्याला सहाने गुणले असता १०८ चौरस फूट जाळी लागेल. कठडा भरीव नसून गजांचा असेल, तर जाळी थेट फरशीपर्यंत न्यावी व त्यानुसार क्षेत्रफळ वाढवावे.

कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी पुरेशी आहे, असे अनेकांना वाटते. ती पक्ष्याला बाहेर ठेवण्यासाठी असते. मांजराचे वजन, नख्या आणि दात यांच्यापुढे तिचा भरवसा धरता येत नाही. शिवाय उन्हाने तिचे धागे कालांतराने ठिसूळ होतात. पोलादी तारांच्या तथाकथित अदृश्य ग्रिलमध्ये दोन-तीन इंचांची फट असते आणि तेवढ्यातून पिल्लू सहज निसटते. त्यापेक्षा एक इंची चौकोनांची जस्तलेपित वेल्डमेश चौकटीत बसवून ती चौकट भिंतीला व स्लॅबला अँकर फास्टनरने पक्की करावी. किनारपट्टीच्या गावांत खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते; तेथे स्टेनलेस स्टील निवडावे. वातानुकूलन यंत्राच्या नळीची भोके आणि कोपऱ्यांतील फटी हाताने चाचपून बंद कराव्यात.

दरपत्रके किमान तीन घ्यावीत आणि ती लेखी असावीत. लोखंडी कामाचा दर अनेकदा किलोवर, तर ॲल्युमिनियमचा चौरस फुटावर सांगितला जातो. दोन्ही एकाच मापात आणल्याविना तुलना करू नये. रंग, फास्टनर व मजुरी त्यात धरली आहे की नाही, तेही लिहून घ्यावे. दर काही वर्षांनी बदलावी लागणारी स्वस्त जाळी आणि एकदाच होणारा भक्कम खर्च यांतील भेद व्यापारी माणसास समजावून सांगण्याची गरज नाही.

आतील मांडणी मांजराच्या स्वभावानुसार करावी. त्याला फरशीपेक्षा उंची प्रिय असते. म्हणून भिंतीवर सुमारे फूटभर रुंदीच्या फळ्या पायऱ्यांसारख्या वरखाली लावाव्यात, एका खांबाला सुतळी गुंडाळून नख्या घासण्याची सोय करावी आणि निम्म्या भागावर शेडनेटची सावली धरावी. पाणी नेहमी भरलेले असावे. कुंड्यांची निवड जपून करावी. लिलीची फुले, पाने व परागही मांजराच्या मूत्रपिंडाला प्राणघातक ठरतात. कण्हेर विषारी आहे. मनीप्लांट व कोरफडही आवाक्याबाहेर ठेवावी. गव्हांकुरांची एखादी कुंडी मात्र त्याला आनंदाने चघळू द्यावी. पाखरांचे दाणापाणी येथून हलवून घराच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी न्यावे.

पहिले काही दिवस घरातील कुणीतरी सोबत बसून दहा-पंधरा मिनिटेच मांजराला बाहेर राहू द्यावे. पहाट व तिन्हीसांजा या त्याच्या उत्साहाच्या वेळा. दुपारच्या कडक उन्हात त्याला तेथे कोंडू नये. दर महिन्यास जाळीचे सांधे तपासावेत आणि पावसाळ्यापूर्वी पाण्याची मोरी साफ करावी. जाळी झाली म्हणून लसीकरण आणि रोजचा खेळ यांतून सुटका होत नाही.

ज्या जीवाला आपण घरात आणले, त्याच्या सुरक्षिततेचे दायित्व आपले आहेच. त्याच्यामुळे बाहेरच्या जीवाला इजा होऊ न देणे, हेही त्याच दायित्वाचे अंग आहे. दोन्ही एकाच खर्चात साधत असताना एखादे मांजर पडेपर्यंत किंवा एखादे पाखरू जायबंदी होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. गॅलरीचे माप घेण्यास एक फीत आणि अर्धा तास पुरतो.