ओळख पटली, पण अधिकार आहे का?

समजा, वैरागच्या एका शाळेत एक विद्यार्थी कार्यालयात येऊन म्हणतो, ''जनरल रजिस्टरातली माझी जन्मतारीख बदला.'' लिपिक त्याला चांगले ओळखतात. म्हणून ते लगेच तारीख बदलतील का? नाही. हा कोण, हा एक प्रश्न. याला हे करवून घेण्याचा अधिकार आहे का, हा दुसरा. संगणकाला हा दुसरा प्रश्न आपण होऊन सुचत नाही. तो आज्ञावलीत लिहावाच लागतो.

वर्डप्रेस या प्रणालीवर जगातील असंख्य संकेतस्थळे चालतात. प्रवेश-अर्ज, छायाचित्रे अशा जादा सोयी 'प्लगइन' नावाच्या जोडभागांतून मिळतात. ते निरनिराळ्या लोकांनी लिहिलेले असतात, पण चालतात मूळ प्रणालीच्याच बळावर. त्यामुळे एका जोडभागातील विसरलेली तपासणी सगळे घर उघडे टाकते.

ती विसरते कशी? 'बदल करा' हे बटण फक्त व्यवस्थापकाला दिसते, एवढ्यावर लेखक निर्धास्त राहतो. पण बटण केवळ सर्व्हरकडे विनंती धाडते. तीच विनंती बटणाशिवायही धाडता येते! शिवाय वर्डप्रेसमध्ये 'इज-अॅडमिन' नावाची एक आज्ञा आहे. नावावरून वाटते, ती माणूस व्यवस्थापक आहे का हे पाहते. प्रत्यक्षात ती मागितलेले पान व्यवस्थापन विभागातले आहे का, एवढेच सांगते.

२०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. त्याच्या पालनासाठी बनवलेला 'डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स' हा प्लगइन लाखाहून अधिक संकेतस्थळांवर होता. तो अधिकार न तपासताच मांडणीत बदल करू देई. हल्लेखोरांनी दोनच गोष्टी बदलल्या: कोणालाही नोंदणी खुली केली आणि प्रत्येक नव्या सदस्याला व्यवस्थापक ठरवले. मग नाव नोंदवले की झाले! त्याच वर्षी नोव्हेंबरात १.४.३ या आवृत्तीत दोष दूर झाला. मात्र ज्यांनी ती बसवली नाही, त्यांचे दार उघडेच राहिले.

शाळेचे संकेतस्थळ असल्यास प्लगइन अद्ययावत ठेवा, न लागणारे काढून टाका, व्यवस्थापक मोजकेच नेमा. आणि वर्गात एक तक्ता करून पाहा: हजेरीपट, गुणपत्रक, जनरल रजिस्टर. प्रत्येक कोण वाचू शकतो, कोण लिहू शकतो, कोण बदलू शकतो? जी चौकट भरताना विद्यार्थी अडखळतील, बहुधा तिथेच आज्ञावली लिहिणाराही चुकतो.