मुदपाकखान्यातील चुलीची नळी आणि छपराचे लाकूड

पुष्कळ जुन्या देवस्थानांत उत्सवकाळातील महाप्रसादाचा स्वयंपाक आजही लाकडावर होतो. धूर कोंडू नये म्हणून बंदिस्त चूल बांधून तिची पत्र्याची नळी कौलारू छपरातून बाहेर काढली जाते. नळी बसविणारा कारागीर धूर नीट बाहेर जातो की नाही, हे पाहतो. नळीपासून वासा किती अंतरावर आहे, हे सहसा कोणी मोजत नाही. प्रस्तुत लेख त्या अंतराविषयी आहे.

नळी लाकडाला टेकलेली नाही, एवढ्याने भागत नाही. तापलेल्या पत्र्यातून उष्णता उन्हाप्रमाणे प्रारणरूपाने बाहेर पडते व समोरचे लाकूड तापविते. सामान्य लाकूड साधारणतः २५० अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेते. तथापि वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड आतून कोळशासारखे होत जाते आणि त्याहून पुष्कळ कमी तापमानालाही पेटू शकते. ‘इतक्या वर्षांत काही झाले नाही’ हा युक्तिवाद दुरुस्तीच्या खर्चाचा विषय निघाला की हमखास ऐकू येतो. वस्तुतः तितक्या वर्षांत ते लाकूड अधिक धोक्याचे झालेले असते.

अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या २११ क्रमांकाच्या मानकानुसार घरगुती लाकडी शेगडीची एकेरी पत्र्याची नळी कोणत्याही ज्वलनशील वस्तूपासून किमान १८ इंच दूर असावी. शेकडो पानांच्या स्वयंपाकाच्या भट्टीला हे अंतरही अपुरे ठरेल, हे ध्यानी ठेवावे. जागा अपुरी असल्यास लाकडी भिंतीपुढे २४ गेजचा पत्रा ढालीसारखा उभारून नळीचे अंतर ६ इंचांपर्यंत आणता येते. मात्र पत्रा व लाकूड यांमध्ये १ इंच पोकळी हवी, ती खालून व वरून खुली हवी, म्हणजे आतील हवा वाहती राहून उष्णता नेते. पत्रा किंवा सिमेंटचा तक्ता थेट लाकडावर ठोकणे हे निव्वळ मनाचे समाधान होय. त्यातून उष्णता आरपार लाकडात जाते, आणि आतले जळणे मात्र डोळ्यांआड राहते.

छपरातून जाताना एकेरी पत्र्याची नळी मुळीच नेऊ नये. तेथे उष्णतारोधक भरलेली दुहेरी भिंतीची नळी घ्यावी. तिच्याभोवती सामान्यतः २ इंच मोकळी जागा लागते. नेमका आकडा उत्पादकाच्या सूचनापत्रात असतो. ही जागा रिकामीच ठेवावयाची असते. आपल्याकडील खरी अडचण येथेच आहे. पावसाळा आला की गळती थांबविण्यासाठी त्या फटीत गोणपाट, काथ्या, क्वचित डांबरही भरले जाते, म्हणजे जेथे अंतर हवे नेमके तेथेच सरपण रचले जाते. गळतीचा बंदोबस्त छपराच्या वरून, नळीभोवती पत्र्याची झालर बसवून करावा.

ओले सरपण जाळल्यास नळीत डांबरासारखे चिकट किटण साचते. ते पेटल्यास नळीतील तापमान १,००० अंशांच्या घरात जाते. म्हणून लाकूड चांगले वाळलेले घ्यावे व उत्सवापूर्वी नळी आतून घासून घ्यावी. नळीच्या तुकड्यांचे निमुळते टोक चुलीकडे असावे, म्हणजे ओघळणारे किटण सांध्यातून बाहेर न येता आतच राहते. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारावेत.

नळीचे तोंड छपरापासून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या परिसरातील छपराच्या कोणत्याही भागाहून २ फूट उंच असावे. ही मोजणी बहुधा एकदाच, बांधकामाच्या वेळी होते. पुढे उत्सवात अंगणात कापडी मंडप पडतो आणि बांबू नळीच्या अगदी जवळ येतात. मंडप घालणाऱ्यास जागा दाखविताना व्यवस्थापकांनी नळीचे तोंडही दाखवावे.